अंदाज वेगळा, अपेक्षा वेगळी

 आज थोडं आकड्यांवर बोलायचं आहे. पण विषय गाण्यांचा आहे, त्यामुळे रेडिओ बंद करू नका.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत सध्या एक तरी तेरा-चौदा वर्षांचं पोर असं आहे, की त्याला आवडत्या गटाचा अल्बम पहिल्या आठवड्यात किती खपला हे तोंडपाठ असतं. आकडा मोठा आला तर घरात दिवाळी, कमी आला तर जेवणाच्या टेबलावर तोंड पाडून बसायचं. आई-बाबांना कळत नाही, की गाणं तर तेच आहे, मग कालपर्यंत आवडत होतं ते आज कमी कसं झालं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी तुम्हाला वीस वर्षं मागे नेणार आहे. मी आयटी सल्लागार आहे, शिक्षण एमबीए. दुकानांच्या साखळ्यांसाठी ‘कुठला माल किती खपेल’ याचा हिशेब करणाऱ्या प्रणाली बसवणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे गाण्याचा अल्बम दिसला तरी मला आधी गोदाम दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

तर २००५ साल. ह्यूस्टनचा डेस्टिनीज चाइल्ड हा मुलींचा गट तेव्हा जगभर गाजलेला होता. बियॉन्से, केली रोलंड आणि मिशेल विल्यम्स. जून २००५ मध्ये बार्सिलोनाच्या कार्यक्रमात त्यांनी जाहीर केलं, की हा दौरा संपला की आम्ही आपापल्या वाटेने जाणार. सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. आणि २५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह बाजारात आला. नाव होतं ‘नंबर वन्स’.

आता तुम्ही कंपनीच्या जागी बसा. किती प्रती छापाल?

हाताशी आकडा होता. याच गटाचा ‘सर्व्हायव्हर’ अल्बम २००१ मध्ये आला, तेव्हा अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ६ लाख ६३ हजार प्रती गेल्या होत्या. शिवाय हा निरोपाचा अल्बम, त्यात सगळी गाजलेली गाणी. कोणीही म्हणेल, उचला पाच लाख. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात १ लाख १३ हजार प्रती गेल्या. गंमत म्हणजे तेवढ्यावरही अल्बम बिलबोर्ड २०० च्या यादीत पहिला आला. म्हणजे एकाच वेळी पहिला नंबर आणि मागच्या आकड्याचा जेमतेम सहावा हिस्सा. चाहत्यांनी हसायचं की रडायचं?

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत, अंदाज आणि अपेक्षा. अंदाज बांधतात, अपेक्षा ठेवतात. अंदाज चुकला तर माणूस कागद पुढे ओढून परत हिशेब करतो. अपेक्षा फोल ठरली तर त्याला वाईट वाटतं. ऑफिसांत हे दोन्ही एकाच तक्त्यात लिहिलेले असतात आणि तिथूनच गडबड सुरू होते. ६ लाख ६३ हजारांवरून ‘पाच लाख जातील’ म्हणणं ही अपेक्षा झाली. अंदाज बांधायचा तर चार प्रश्न विचारावे लागतात. एकेक घेऊ.

पहिला प्रश्न : घेणाऱ्याकडे हे आधीच आहे का?

नव्या अल्बममध्ये सगळंच नवं असतं. गाजलेल्या गाण्यांचा संग्रह हा मुळात आधी विकलेला माल पुन्हा विकणं. डेस्टिनीज चाइल्डचे मुख्य अल्बम १९९८ ते २००४ या काळातले, म्हणजे सीडीच्या ऐन भरातले. त्यांच्या चाहत्यांच्या कपाटात त्या सीडी होत्याच, आणि त्या अजून व्यवस्थित वाजत होत्या. याच्या उलट उदाहरण बीटल्सचं. त्यांचा ‘वन’ हा संग्रह नोव्हेंबर २००० मध्ये आला. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात ५ लाख ९५ हजार प्रती गेल्या, आणि नाताळच्या सुमारास तर एकाच आठवड्यात १२ लाखांहून जास्त. त्या दशकात अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेला अल्बम तो. गट फुटून तीस वर्षं झालेली होती! पण त्यांच्या श्रोत्यांकडे तबकड्या होत्या, त्या झिजल्या होत्या, ग्रामोफोन माळ्यावर गेला होता. आणि त्यांच्या मुलांकडे काहीच नव्हतं. एका सीडीत सगळी पहिल्या क्रमांकाची गाणी मिळताहेत म्हटल्यावर बापाने स्वतःसाठी एक घेतली आणि मुलासाठी एक.

दुसरा प्रश्न : यात नवं काय आहे?

असे संग्रह काढताना दोन-तीन नवी गाणी घालायची पद्धत आहे, म्हणजे जुन्या चाहत्यालाही खिशात हात घालावा लागतो. ‘नंबर वन्स’मध्येही नवी गाणी होती. पण गट आता एकत्र नव्हता, दौरा नव्हता. गावोगाव फिरून, मुलाखती देऊन जे वातावरण तापवतात, ते तापवणार कोण? बरं, नाव ‘नंबर वन्स’ असलं, तरी अमेरिकेच्या हॉट १०० यादीत या गटाची पहिल्या क्रमांकावर गेलेली गाणी चारच : ‘बिल्स, बिल्स, बिल्स’, ‘से माय नेम’, ‘इंडिपेंडंट विमेन’ आणि ‘बूटिलिशस’. खुद्द ‘सर्व्हायव्हर’ हे गाणं तिथे दुसऱ्या क्रमांकावर थांबलं होतं. आणखी एक गोष्ट पाहा. त्या संग्रहात बियॉन्सेचं एकटीचं ‘चेक ऑन इट’ हे नवं गाणं घातलं होतं. अल्बम आला तेव्हा ते पहिल्या क्रमांकावर नव्हतं. २००६ च्या सुरुवातीला ते पहिलं आलं आणि पाच आठवडे तिथे राहिलं. म्हणजे पाटी आधी लावली आणि नंबर नंतर आला.

तिसरा प्रश्न : माल कधी आणि कुठे ठेवणार?

असे संग्रह बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये का येतात? आपल्याकडे दिवाळी अंक जून महिन्यात का येत नाहीत, त्याच कारणाने. सणाच्या दिवसांत माणूस दुसऱ्यासाठी खरेदी करतो. भाचीला काय द्यायचं हे सुचत नाही, तिला हा गट आवडतो एवढं माहीत असतं, मग निवडक गाण्यांची सीडी सोयीची पडते. अशा अल्बमचा पहिला आठवडा बघायचा नसतो, डिसेंबर बघायचा असतो. आणि कुठे ठेवणार, यावरही पुष्कळ अवलंबून. २००७ मध्ये स्पाइस गर्ल्स पुन्हा एकत्र आल्या, तेव्हा त्यांचा गाजलेल्या गाण्यांचा संग्रह अमेरिकेत सुरुवातीला व्हिक्टोरियाज सीक्रेट या कपड्यांच्या दुकानांतच मिळत होता. जानेवारी २००८ मध्ये तो इतर दुकानांत आला. गाण्याची सीडी कपड्यांच्या दुकानात! पण विचार करा, १९९७ मध्ये ज्या शाळकरी मुली त्यांच्यामागे वेड्या झाल्या होत्या, त्या दहा वर्षांनी कुठे भेटणार? सीडीच्या दुकानात जाणं त्यांनी कधीच कमी केलेलं होतं.

चौथा प्रश्न : बाजाराची हवा कशी आहे?

इथे खरी मेख आहे. २००० मध्ये अमेरिकेत सगळे मिळून साधारण ७८ कोटी ५० लाख अल्बम विकले गेले. २००५ मध्ये ६१ कोटी ९० लाखांच्या आसपास. २००७ पर्यंत ५० कोटी. आणि एप्रिल २००३ मध्ये ॲपलने आयट्यून्सचं दुकान उघडलं, ९९ सेंटला एक गाणं. विचार करा, संग्रहाचा अल्बम लोक घेत होते कशासाठी? सहा अल्बम घ्यायला नकोत, हवी ती गाणी एकत्र मिळावीत म्हणून. ते काम आता घरबसल्या होऊ लागलं. ज्याला चारच गाणी हवीत, तो चार डॉलरच्या आत मोकळा. डिसेंबर २००६ मध्ये तर टॉवर रेकॉर्ड्सची अमेरिकेतली दुकानंच बंद झाली. भारतातून शिकायला आलेल्या कित्येकांचे शनिवार तिथे गेलेले आहेत.

हे चार प्रश्न मांडल्यावर १ लाख १३ हजार हा आकडा कसा दिसतो? मला तरी तो बरा दिसतो. गट विसर्जित, दौरा नाही, चाहत्यांकडे सीडी आहेत, बाजार उतरणीला, आणि तरी लाखावर माणसं सहा दिवसांत दुकानात गेली. तेव्हा अल्बम मंगळवारी निघायचे आणि मोजणीचा आठवडा रविवारी संपायचा, म्हणून सहा दिवस. पुढे या अल्बमला प्लॅटिनमही मिळालं.

प्लॅटिनम या शब्दापाशी जरा थांबू, कारण मुलांना वाटतं की प्लॅटिनम म्हणजे दहा लाख लोकांनी विकत घेतला. अमेरिकेत हे प्रमाणपत्र रेकॉर्ड कंपन्यांची संघटना देते आणि सीडीच्या जमान्यात ते मुख्यतः कंपनीने दुकानांकडे पाठवलेल्या मालावर असायचं. दुकानातून गिऱ्हाइकाच्या पिशवीत किती गेले, ते मोजणारी यंत्रणा वेगळी. साउंडस्कॅन हे तिचं नाव, १९९१ पासून बिलबोर्डची यादी तिच्या नोंदींवर बनू लागली. त्याआधी दुकानदारांना फोन करून ‘काय खपतंय?’ असं विचारत. आता पाठवलेला माल आणि खपलेला माल यांच्यामध्ये जे राहतं, ते परत येतं. वाहतूक, गोदाम, छपाई, सगळ्याचा भुर्दंड. म्हणून हा अंदाज म्हणजे पैजेचा खेळ नाही. जास्त धरला तर परत आलेल्या खोक्यांचे पैसे कोणाच्या तरी खात्यात लागतात, कमी धरला तर ऐन नाताळात शेल्फ रिकामं. माझ्या धंद्यात याच दोन चुकांच्या मधली वाट शोधायचे पैसे मिळतात.

आता पहिल्या आठवड्याचा आकडा पुढचं किती सांगतो ते पाहू. त्यासाठी याच गटाचे दोन अल्बम शेजारी ठेवा. १९९९ चा ‘द रायटिंग्ज ऑन द वॉल’ पहिल्या आठवड्यात १ लाख ३३ हजारांवर होता, नंबर सहावा. २००१ चा ‘सर्व्हायव्हर’ ६ लाख ६३ हजारांवर, नंबर पहिला. आता शेवट बघा. पहिल्याला २००१ च्या अखेरीस आठ पट प्लॅटिनम, म्हणजे ८० लाख. दुसऱ्याला २००२ च्या सुरुवातीला चार पट, म्हणजे ४० लाख. जो हळू निघाला, तो दुप्पट गेला. पहिला आठवडा फक्त एवढंच सांगतो, की दाराबाहेर किती माणसं आधीपासून उभी होती. नंतर रस्त्याने जाणारे किती आत शिरतील, हे त्या आकड्यात नसतं.

आणि संग्रहांचं आयुष्य तर फारच लांब. ईगल्स या गटाचा १९७१ ते १९७५ मधल्या गाण्यांचा संग्रह १९७६ मध्ये आला. प्लॅटिनम प्रमाणपत्र त्याच वर्षी सुरू झालं आणि ते मिळालेला हा पहिला अल्बम. २०१८ मध्ये त्याची मोजणी ३८ पटींवर गेली. बेचाळीस वर्षं तो खपतच होता! पण बिलबोर्डचा तेव्हाचा नियम असा होता, की अल्बम जुना झाला की तो मुख्य यादीतून बाहेर. २००९ मध्ये मायकल जॅक्सन गेला, तेव्हा त्याचा ‘नंबर वन्स’ हा जुना संग्रह देशात कुठल्याही नव्या अल्बमपेक्षा जास्त खपत होता, आणि मुख्य यादीत त्याचं नावच नव्हतं. त्या वर्षअखेरीस तो नियम बदलावा लागला. माल खपतोय आणि तक्त्यात दिसत नाही, असं जेव्हा होतं तेव्हा तक्ता दुरुस्त करायचा असतो.

आता जरा वेगळी गोष्ट. आकडा मोठा आला म्हणजे गटातल्या सगळ्यांचं भलं झालं, असं आपण गृहीत धरतो. १९६७ सालात जा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा द सुप्रीम्स हा गट. त्यांच्या गाजलेल्या गाण्यांचा दोन तबकड्यांचा संग्रह त्या वर्षी ऑगस्टमध्ये निघाला आणि बिलबोर्डच्या यादीत पाच आठवडे पहिला राहिला. संग्रहावर नाव होतं ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’. गट उभा करणाऱ्यांपैकी एक, फ्लॉरेन्स बॅलर्ड, तिला त्याच उन्हाळ्यात गटातून बाहेर काढलं होतं. तिच्या काळातली गाणी देशभर पहिल्या क्रमांकावर वाजत होती आणि तिच्या जागी दुसरी मुलगी मंचावर उभी होती. पुढच्या वर्षी तिला १ लाख ३९ हजार डॉलरच्या आसपास एकरकमी रक्कम देऊन हिशेब मिटवला गेला. १९७१ मध्ये तिने कोर्टात दाद मागितली, ती फेटाळली गेली. अखेरच्या वर्षांत तिला सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी ती गेली. तिचा करार कुठल्या कागदावर होता, हे त्या पाच आठवड्यांच्या पहिल्या क्रमांकापेक्षा तिच्या आयुष्यात जास्त महत्त्वाचं ठरलं.

डेस्टिनीज चाइल्डमध्येही असंच एक पान आहे. लटोया लकेट आणि लटाव्हिया रॉबर्सन या दोघी मूळच्या चौघींमधल्या. २००० च्या सुरुवातीला त्यांची जागा दुसऱ्यांनी घेतली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि मिटलं. ‘नंबर वन्स’मध्ये त्या दोघींच्या काळातली गाणी आहेत. पण लटोयाची गोष्ट वेगळी वळली. जुलै २००६ मध्ये तिचा स्वतःचा पहिला अल्बम आला. पहिल्या आठवड्यात साधारण १ लाख ६५ हजार प्रती, आणि नंबर पहिला. तिच्या जुन्या गटाच्या निरोपाच्या संग्रहापेक्षा जवळजवळ निम्म्याने जास्त! नऊ महिन्यांपूर्वी हा अंदाज मांडला असता, तर बैठकीत सगळे हसले असते.

आता परत आपल्या घरात येऊ. २०२२ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन गटाचा ‘बॉर्न पिंक’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला. २००८ नंतर मुलींच्या गटाला हे पहिल्यांदाच जमलं. पहिल्या आठवड्याचा आकडा १ लाख २ हजार. म्हणजे डेस्टिनीज चाइल्डच्या १ लाख १३ हजारांच्या जवळपास. पण हे दोन आकडे एका तागडीत तोलता येत नाहीत. डिसेंबर २०१४ पासून बिलबोर्डच्या मोजणीत गाणं ऐकणंही धरलं जातं. सुरुवातीला १५०० वेळा ऐकलं की एक अल्बम विकला असं मानायचे, पुढे ते प्रमाण बदलत गेलं. शिवाय या गटांच्या सीडी वेगवेगळ्या वेष्टनांत येतात आणि आत निरनिराळ्या फोटोंची कार्डं असतात. त्यामुळे एकच मुलगी एकाच अल्बमच्या तीन-चार प्रती घेते. २००५ च्या १ लाख १३ हजारांमागे साधारण तितकीच घरं असतील. आजच्या लाखामागे किती घरं आहेत, हे आकडा बघून कळत नाही.

इथे आपल्या खिशाचा आणि पोरांच्या मनाचा प्रश्न येतो. खाऊचे पैसे संपवून चौथी प्रत घेणाऱ्या मुलीला वाटत असतं की ती आपल्या गटाला जिंकवते आहे. तिला रागावू नका. आपण काही वेगळे नव्हतो, फक्त आपल्याकडे पहिल्या आठवड्याचा आकडा नव्हता. तिला हेच चार प्रश्न द्या. आधीच कोणाकडे आहे? यात नवं काय? कधी आणि कुठे मिळतं? बाजार कसा आहे? आणि पाचवा माझ्याकडून : या पैशांतले किती गाणाऱ्यांकडे जातात, आणि कोणाकोणाकडे? मुलं हुशार असतात, अर्ध्या तासात आपल्याला शिकवतील. आकड्याची भीती जाते ती आकडा उघडून बघितल्यावर.

आणि कोणी म्हणालं, की आज सगळी गाणी फुकट ऐकायला मिळतात, आता संग्रह कोण घेणार, तर त्याला आपल्या आई-वडिलांकडे पाठवा. सारेगामा, म्हणजे पूर्वीची एचएमव्ही, या कंपनीने २०१७ मध्ये कारवाँ नावाचा रेडिओसारखा खोका काढला, आत ५००० जुनी हिंदी गाणी भरलेली. सगळी कंपनीच्या तिजोरीतली, सगळी लोकांनी आधी ऐकलेली, आणि बहुतेक इंटरनेटवर फुकट. तरी तो तडाखेबंद खपला. का? तर आजीला पासवर्ड नको, ॲप नको, बटण फिरवलं की लता, फिरवलं की रफी. आणि परदेशातल्या मुला-नातवंडांना आजीला काय द्यावं हा प्रश्न सुटला. बीटल्सच्या ‘वन’चं गणित वेगळ्या वेष्टनात. जे लोकांकडे आधीच आहे, तेही त्यांच्या हाताला सोपं करून दिलं तर ते पुन्हा घेतात.

आपण मराठी माणसं परदेशात येतो ती अपेक्षांची बॅग घेऊन. मुलाचे मार्क, स्पर्धेतला नंबर, मंडळाच्या कार्यक्रमाची तिकीटविक्री, सगळीकडे पहिल्या आठवड्यातच निकाल हवा असतो. अंदाज जरूर बांधा, माझं पोट त्यावर चालतं. चुकला तर हिशेब परत मांडा, त्यात कोणाचा अपमान नाही. पण पुढच्या वेळी घरातलं पोर पडलेल्या चेहऱ्याने सांगेल की ‘आमचा गट फक्त इतकाच खपला’, तेव्हा त्याला १ लाख ३३ हजारांवर सुरू होऊन ८० लाखांवर गेलेल्या अल्बमची गोष्ट सांगा. आणि मग म्हणा, लाव बघू त्यातलं तुझ्या आवडीचं एक गाणं.